गावाचा इतिहास छापायचाय? आमच्या मंडळाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मंडळाच्या कचेरीत फोन वाजतो. पलीकडचा आवाज बहुधा निवृत्त शिक्षकाचा, नाहीतर बँकेतून नुकत्याच सुटलेल्या कुणाचा तरी असतो. पहिलं वाक्य ठरलेलं: "आमच्या गावाचा इतिहास लिहून तयार आहे, फक्त छापायचा आहे." या 'फक्त'मध्ये काय काय येतं ते एकदा लिहून ठेवावं म्हणून हा खटाटोप. आमचं मंडळ कृष्णाकाठचं, लहान, वर्गणीवर चालणारं. मोठ्या संस्थांचे नियम निराळे असतील; इथे आमचेच सांगतो.

मंडळ नेमकी कसली मदत करतं?

हस्तलिखित वाचतो. दोघेजण वाचतात, एक त्या भागाचा जाणकार आणि एक त्या भागाशी काडीचा संबंध नसलेला. दुसऱ्याला जे कळत नाही ते लेखकाने नीट सांगितलेलं नसतं, हा आमचा अनुभव. मोडी कागद असतील तर लिप्यंतर ताडून बघतो, तारखा तपासतो, सूची करायला शिकवतो, छापखान्याशी कसं बोलायचं ते सांगतो. पैशाचं म्हणाल तर मंडळ फक्त परिशिष्टाचा खर्च उचलतं. म्हणजे तुमच्या पुस्तकात जे मूळ कागद जसेच्या तसे छापले जातील, त्या पानांचा. बाकीची पानं तुमची.

परिशिष्टालाच पैसे? मुख्य पुस्तकाला नाही? हे उलटं नाही का?

या प्रश्नावर आमच्याकडे लोक रागावून उठून गेलेले आहेत, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

१८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक निघालं. का. ना. साने आणि ज. बा. मोडक ही त्यातली ठळक नावं. जुन्या बखरी, पत्रं, कविता जशा मिळाल्या तशा छापायच्या, हा त्यांचा बाणा. पुढे वि. का. राजवाड्यांनी वाईत मिळालेल्या कागदांवर 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला. पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांची पत्रं त्यात आहेत. असे एकूण २२ खंड निघाले. त्याच काळात मिरजेला वासुदेवशास्त्री खरे शाळामास्तरकी सांभाळून पटवर्धन सरदारांच्या दप्तरातले कागद 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त छापत होते. त्यांच्या हयातीत त्याचे बारा खंड झाले.

आता बघा. राजवाड्यांच्या लांबलचक प्रस्तावनांशी आज कुणी सहमत होतो, कुणी कडाडून भांडतो. त्यांतली कितीतरी मतं मागे पडली. पण त्याच खंडात छापलेलं पत्र मात्र आजही लेखक तळटीपेत देतो, आणि राजवाड्यांवर टीका करणारासुद्धा पुरावा शोधायला त्यांच्याच खंडाकडे जातो. तुमच्या पुस्तकाचंही असंच होणार आहे. गावाच्या नावाची तुम्ही लावलेली व्युत्पत्ती पुढचा माणूस खोडून काढील. पण तुमच्या चुलत्याच्या माळ्यावरचा १७८० सालचा निवाडा तुम्ही अक्षरशः छापलात, तर त्याला तो खोडता यायचा नाही, वापरावाच लागेल. मंडळाची तिजोरी लहान आहे, म्हणून ती टिकणाऱ्या पानांवर रिकामी करायची असं ठरवलं.

मोठ्या मंडळांत असंच चालतं का?

परंपरा तरी तीच. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी स्थापलं. तिथे 'स्वीय' आणि 'पुरस्कृत' अशा दोन ग्रंथमाला चालत आल्या: एक मंडळाची स्वतःची आणि एक मंडळाने पाठीशी उभं राहून काढलेली. ३१ डिसेंबर १९२६ला राजवाडे धुळ्याला वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं, त्यांचा कागदांचा साठा सांभाळण्यासाठी. सरकारी पातळीवर रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला निघाले. सगळीकडे आधी कागद, मग कथन.

कुठल्या विषयाची पुस्तकं घेता?

गाव, पेठ, घाटवाट, बाजार, देवस्थान, तालीम, साखर कारखाना, नदीवरचा पूल. कोयना धरणाखाली गेलेल्या गावांवर कुणी लिहीत असेल तर आम्ही स्वतः त्याच्या घरी येऊ. ती गावं पाहिलेली पिढी आता थकली आहे. थोर पुरुषांची चरित्रं नकोत. ती बाजारात पुष्कळ आहेत.

आमच्या घरी कागदच नाहीत. मग?

असं म्हणणाऱ्या निम्म्या घरांत कागद निघतात. देव्हाऱ्यामागे, धान्याच्या कणगीत, आणि सर्वांत जास्त वेळा 'त्या मोडीतल्या जुन्या चिठोऱ्या, काही कामाच्या नाहीत' अशा पत्र्याच्या ट्रंकेत. दुसरं, काहींचे कागद खरोखरच सरकारदरबारी गेले. १८५२च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपापले दाखले पुढे करावे लागले. त्या चौकशीची दप्तरं पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. पेशवे दप्तरही तिथेच, कापडात बांधलेल्या रुमालांत. आधी तालुका आणि परगणा कोणता ते नक्की करून जा. तुमचं गाव पेशवाईत कुठल्या तरफेत (परगण्याच्या पोटभागात) होतं हे ठाऊक नसेल तर आठवडा फुकट जातो. संस्थानी मुलखातलं गाव असेल तर वाट वेगळी. करवीर राज्याचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात शोधावे लागतात.

एवढ्या लांब जायच्या आधी तहसील कचेरी गाठा. कडई पत्रक, जुने फेरफार, जन्ममृत्यूचा गाव नमुना १४. मराठी शाळेचं जनरल रजिस्टर तर सोन्याची खाण: कुठल्या साली कोणत्या आळीतलं मूल पहिल्यांदा शाळेत आलं ते त्यात दिसतं. २०२३पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे ही दप्तरं उघडली, चाळली गेली, काही ठिकाणी स्कॅनही झाली. ज्या मोडी वाचकाला पूर्वी कुणी चहा विचारत नव्हतं त्याच्या दारात रांग लागली. त्या निमित्ताने तुमच्या गावाचं काय सापडलं याची चौकशी जरूर करा. आणखी एक जागा: पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. आजोबा-पणजोबा यात्रेला गेले असतील तर नाव असण्याचा संभव दांडगा.

मोडी येत नाही. तुम्ही वाचून द्याल का?

पाच-दहा कागद असतील तर देऊ. शे-दोनशे असतील तर तुम्हीच शिका. ठिकठिकाणी वर्ग चालतात. पंधरवड्यात अक्षरं लागतात, सहा महिन्यांत हात बसतो. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं टांगलेली असतात, शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. त्यामुळे छापताना 'सुधारून' लिहू नका. मूळ लेखन तसंच ठेवा, तुम्ही भरलेलं अक्षर चौकटी कंसात द्या, न लागलेल्या जागी टिंबं द्या. न लागलेला शब्द अंदाजाने ठोकून देणं हा आमच्या लेखी सर्वांत मोठा गुन्हा. टिंबांची लाज वाटू देऊ नका.

कागदावरच्या तारखा इसवी सनात कशा आणायच्या?

इथे भलेभले घसरतात. शके असेल तर ७८ मिळवायचे. पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा कागद असेल तर ७९. पेशवाईच्या कागदांत येणाऱ्या सुहूर सनाचं वर्ष मृगापासून सुरू होतं, त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. फसली या महसुली सनाला तसेच ५९० आणि ५९१. शिवाय सुहूर सन आकड्यांत नसून अरबी शब्दांत, तेही एककापासून उलटं वाचत जायचं.

उदाहरण घ्या. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. या वर्षाचा कागद ऑगस्टमधला असेल तर साल १७६०, जानेवारीतला असेल तर १७६१. म्हणजे पानिपतची मोहीम आणि पानिपतचा रणसंग्राम एकाच सुहूर सनात पडतात, इसवी सन मात्र मध्ये बदलतं. आमच्याकडे आलेल्या एका हस्तलिखितात गावचा पाटील जानेवारीत मेला होता आणि त्याच सालच्या ऑगस्टात त्याने निवाड्यावर निशाणी केली होती. लेखकाने सरसकट ६०० मिळवले होते, एवढीच भानगड. निवाडा मुळात आदल्या सालचा.

पेशवाईच्या उत्तरार्धातल्या तारखांसाठी बा. प्र. मोडकांची जंत्री (निरनिराळ्या सनांच्या तारखा शेजारी देणारं कोष्टक) जवळ ठेवा, आणि मूळ मिती नेहमी छापा. आमचं गणित चुकलं तर पुढच्याला दुरुस्त तरी करता येईल.

आमच्या गावाची आख्यायिका आहे. ती गाळायला लावाल का?

मुळीच नाही. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं, कोंबडा आरवला आणि कळस राहिला, ही कथा आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या हस्तलिखितात असते. तिची जागा वेगळ्या प्रकरणात. कुणी सांगितली, त्याचं वय काय, कधी ऐकली, हे लिहा म्हणजे तीही साधन होते. फक्त 'अशी आख्यायिका आहे'पासून सुरू झालेला परिच्छेद 'यावरून सिद्ध होते'वर संपता कामा नये.

तसंच 'हेमाडपंती'चं. चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं दिसलं की लेखक हा शब्द टाकून मोकळा होतो. हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. तुमचं देऊळ त्याच्या आधीचं किंवा बरंच नंतरचंही असू शकतं. मापं द्या, खांबांचे फोटो द्या, वर्णन करा. काळ ठरवायची घाई नको. आणि वेशीवरच्या वीरगळाला (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकदगडाला) कुणी ऑइलपेंट फासायच्या आधी त्याचा फोटो काढून घ्या. फासला असेल तर तसाच छापा, खरवडू नका.

'महाराज इथे मुक्कामी होते' या वाक्याला आधार मागणारच. नसेल तर आख्यायिकेच्या प्रकरणात.

गॅझेटियरमधून घेतलं तर चालतं ना?

चालतं, सांगून घेतलं तर. कॅम्बेलच्या देखरेखीखाली निघालेली मुंबई इलाख्याची जिल्हा गॅझेटियर जुनी आहेत, साताऱ्याचं १८८५चं. हक्काचा प्रश्न राहिलेला नाही. पण त्यातली पानंच्या पानं मराठी करून 'माझ्या संशोधनातून' म्हणून येतात, ती आम्ही पहिल्या दहा ओळींत ओळखतो, कारण इंग्रज अंमलदाराला जी गोष्ट नवलाची वाटली तीच गावात जन्मलेल्या लेखकालाही नवलाची वाटलेली असते. गॅझेटियर घ्या, पण त्याच्याशी भांडाही. त्याने तुमच्या बाजारपेठेला दोन ओळी दिल्या असतील तर तिथेच तुमचं पुस्तक सुरू होतं.

वतनाचा, पालखीच्या मानाचा वाद आहे. पुस्तकामुळे भांडणं लागतील का?

लागतील. जत्रेत पहिला नारळ कुणाचा यावरून कोर्टात गेलेली गावं आहेत. मंडळाचं म्हणणं इतकंच की कागद पूर्ण छापा. आपल्या घराण्याच्या बाजूचा महजर (गोतसभेचं, म्हणजे गावकऱ्यांच्या सभेचं निवाडापत्र) छापायचा आणि भाऊबंदांच्या बाजूचा 'अस्पष्ट' म्हणून वगळायचा, हे चालणार नाही. दोन्ही द्या, टीप तटस्थ ठेवा. मान कुणाचा ते आम्ही ठरवत नाही.

महजराविषयी जाता जाता: खाली गोताच्या निशाण्या असतात. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. पुष्कळ लेखक त्या जागी '(सही)' असं लिहून मोकळे होतात. तसं करू नका. ते चित्र छापा. बलुतेदारांचं नाव गावच्या इतिहासात दुसरीकडे कुठे फारसं येत नाही. तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने खूण केलेली आहे. निशाण्यांच्या पानांचा ब्लॉक, स्कॅन, जो काय खर्च असेल तो मंडळ पूर्ण देतं, इतर परिशिष्ट अर्धं निघालं तरी.

कुलवृत्तांताला मदत मिळते का?

नाही. कुलमंडळं ते काम उत्तम करतात आणि त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त वर्गणी असते.

आजोबांची डायरी छापायची आहे. परवानगी लागते?

सगळ्या वारसांची लेखी संमती आणा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, हा ढोबळ नियम पुष्कळांना माहीत असतो. पण हयातीत न छापलेल्या लिखाणाची मुदत छापल्यापासून मोजली जाऊ शकते. तेव्हा 'आजोबा जाऊन खूप वर्षं झाली' एवढ्यावर विसंबू नका. एक आत्या नागपूरला असतेच, आणि तिला पुस्तक निघाल्यावरच कळतं.

छपाईचं काय? किती प्रती काढाव्यात?

लेखकाला हजार हव्या असतात. तीनशे काढा. पानं फर्म्याच्या हिशेबात, सोळाच्या पटीत बसवली तर कागद वाया जात नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फाँटमधली फाइल बदलताना जोडाक्षरं आणि रफार उडतात, आणि नेमके मोडी कागदातले अनोळखी शब्द बिघडतात, जे मुद्रितशोधकाला पकडता येत नाहीत. परिशिष्टाचं मुद्रितशोधन मूळ कागद शेजारी ठेवून, एकाने मोठ्याने वाचून आणि दुसऱ्याने बघून करायचं. कंटाळवाणं आहे. पर्याय नाही.

आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, स्वतः प्रकाशक असलेल्या लेखकालाही. दलालाला पैसे देऊ नका. आणि १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. बहुतेक गावपुस्तकं ही पाठवतच नाहीत, आणि मग पन्नास वर्षांनी ती कुठेच सापडत नाहीत.

सूची खरंच लागते का?

लागते. व्यक्ती आणि स्थळं, किमान एवढी तरी. आमच्याच एका जुन्या प्रकाशनाला सूची नाही. तेव्हा घाई केली, प्रकाशन समारंभाची तारीख ठरली होती. आजतागायत ते पुस्तक उघडणारा प्रत्येक जण आम्हाला शिव्या घालतो, आणि त्या रास्त आहेत.

सरकारी अनुदान मिळू शकतं?

दिल्लीची भारतीय इतिहास अनुसंधान परिषद प्रकाशनासाठी अनुदान देते, पण तिथे शोधप्रबंधाच्या तोडीचं काम लागतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी योजना आहे. नियम बदलत असतात, ताजे पाहून घ्या. ग्रामपंचायतीकडून पैसे घेतलेत तर मुखपृष्ठाच्या आत सरपंचांचा फोटो येणार हे गृहीत धरा. आमची हरकत नाही, फक्त परिशिष्टाच्या पानांत नको.

मी मूळचा इथला, आता तंजावर, बडोदा, गोवा, किंवा परदेशात असतो. माझं लिखाण घ्याल?

विषय इथला असेल तर घेऊ. तिथला असेल तर तिथली दप्तरं आमच्यापेक्षा श्रीमंत आहेत. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास १८०३ साली मराठीत कोरलेला आहे, सरस्वती महालात मोडी कागदांचे ढीग आहेत, गोव्याच्या पुराभिलेखागारातही मराठी कागद आहेत. वाचायला मदत हवी असेल तर स्कॅन पाठवा.

नकार दिलात तर?

कारण लेखी देतो. बहुतेकदा ते एकच असतं: आधार नाहीत. एका गृहस्थांचं चारशे पानी हस्तलिखित असं परत गेलं. दोन वर्षांनी ते साठ पानं घेऊन आले. त्यांतली चाळीस परिशिष्ट होती. लगेच घेतलं.

मूळ कागद मंडळात ठेवावे लागतात का?

नाही, ते तुमचे. तपासून, स्कॅन करून त्याच दिवशी हातात परत देतो. आणताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, धुतलेल्या सुती फडक्यात बांधा. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. घडी उलगडत नसेल तर ओढू नका, तशीच आणा. आणि पावसाळ्यात नकोच. कचेरीचं छप्पर गळतं. दसऱ्यानंतर या.